दोष कोठे आहे?

मुंबईतला मुलगा युरोपातील सर्व्हरवर खेळतो. खेळ अडखळला की तक्रार घेणाऱ्या नोकराला शिव्या देतो. कामगार चळवळीत आम्ही शिकलो : मोजल्यावाचून भांडू नये. आधी घरच्या राउटरला पिंग करा. आकडे तिथेच नाचले तर दोष घरात. वायफाय सोडून केबल लावा. ते स्थिर असतील तर पुरवठादाराचा पहिला टप्पा, मग सर्व्हर तपासा. रोज संध्याकाळीच बिघडले तर गर्दीचा संशय घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातील केबली तुटल्या, तेव्हा संदेश लांबच्या वाटेने गेले. तेथे नोकर काय करणार? प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो; अंतराचा विलंब राहणारच. चढउताराचे गाऱ्हाणे मात्र आकड्यांनिशी, योग्य दारीच मांडावे.