लुगडं, चोळी आणि आलवण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मला नाटकातलं फारसं कळत नाही. मी वस्तीत काम करणारी बाई. पण सावित्रीबाईंवरच्या आमच्या पथनाट्यातले कपडे माझ्याकडे होते, म्हणून मला बोलायला उभं केलंय.

आधी आम्ही ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने कपडे आणले. राणी रंगाची शिवलेली नऊवारी, कमरेला इलॅस्टिक, आणि वर नथ. प्रसंग १८४८ चा, पुण्यात मुलींची शाळा सुरू होतानाचा. वस्तीतल्या एक आजी तालीम बघत होत्या. म्हणाल्या, "ही शाळंला निघालीया का लग्नाला?"

मग शोधाशोध सुरू झाली. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ सालची, म्हणजे त्याआधी नीळ, आलाची मुळं, करडईची फुलं यांचेच रंग. सेफ्टी पिनेचं पेटंट १८४९ चं, सिंगरच्या शिलाई मशीनचं १८५१ चं. शिवणवर्गातल्या मुली वैतागल्या. "ताई, मशीन समोर असताना हाताने शिवायचं?" पण शिवल्या. पुढे गाठ मारायची चोळी, ना हुक ना बटण. लुगडी हातमागाची सुती घेतली. सावित्रीबाईंवर शेणचिखल फेकत, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत. त्या प्रसंगासाठी दोन लागली. नेसवायला शिकवलं आजींनीच. आठ मीटर कापड एका गाठीवर आणि काष्ट्यावर दिवसभर टिकतं, हे एम. एस. डब्ल्यू. झालेल्या मला तोवर माहीत नव्हतं.

एक गोष्ट फार खुपली. त्या काळच्या पैठण्या पेट्यांतून, संग्रहालयांतून सापडतात. १८६६ साली फोर्ब्स वॉटसनने भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून ठेवले, तेही विलायतेतल्या गिरण्यांना इथल्या बाजारात काय खपेल ते कळावं म्हणून. कष्टकरी बाईचं लुगडं मात्र सापडत नाही. ते फाटलं की मधला भाग काढून दंड घालायचा, आणखी फाटलं की वाकळ, मग पोतेरं. शिल्लक काय राहणार? म्हणून आम्ही गर्दीतल्या बायकांच्या लुगड्यांना मुद्दाम दंड घातले. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांनी ते लगेच ओळखले.

आता खरी अडचण सांगते. फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तो प्रसंग नाटकात आहे. तिथे येणाऱ्या ब्राह्मण विधवेसाठी ड्रेपरीवाल्याने पांढरी साडी दिली होती. सिनेमात तशीच असते ना! आपल्याकडे केशवपन झालेल्या बाईला लाल आलवण असे, आणि आत चोळी नसे. मी हट्ट धरला की हेही खरंच दाखवायचं.

ती भूमिका करणारी आमची मैत्रीण स्वतः विधवा आहे. दोन दिवस तालमीला आली नाही. घरी गेले तर म्हणाली, "ताई, दहाव्याला माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीही विचारलं नाहीत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी वस्तीत त्यावर सभा घेतली होती. आणि इथे तिला काय नेसायचं, ते मीच ठरवून मोकळी झाले होते.

शेवटी तिनेच ठरवलं. आलवण नेसली, आत चोळी घातली, डोक्यावरून पदर घेतला. आणि प्रसंगाआधी लोकांना स्वतः सांगितलं, "तेव्हा हिला चोळी नव्हती. मी घातली आहे." कुणी हसलं नाही. पुढच्या प्रयोगांतही ते वाक्य तसंच राहिलं.

लुगडी कार्यालयातल्या पेटीत आहेत. ज्यांना प्रयोग करायचाय त्यांनी न्यावीत, धुऊन परत करावीत. लाल वेगळं भिजवा, रंग जातो. नेसवायला आजी यायला तयार आहेत, त्यांचं एसटीचं भाडं तेवढं द्या.