मेंढी पायवाटेने जात नाही



परवा एका गृहस्थांचा फोन आला. फेब्रुवारीत स्पितीमधल्या किब्बर गावी निघाले आहेत, हिमबिबट्या बघायला. कॅमेऱ्याला कोणती लेन्स घेऊ, असा त्यांचा प्रश्न होता. मी विचारलं, बूट कोणते घेतलेत? तर म्हणाले, “आहेत ना मॅडम, मॉर्निंग वॉकचे. जवळजवळ नवेच आहेत.” किब्बर आहे सुमारे ४२०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट उंच. तिथे लेन्स कुठलीही चालेल. बुटांचं तसं नाही.

म्हणून आजचं बोलणं फक्त बुटांवर, आणि तेही डोंगरी मेंढ्यांच्या मागे जाणाऱ्या माणसाच्या बुटांवर. मेंढ्या मध्येच कुठून आल्या, असं वाटेल. हिमबिबट्या बघायला जाणारा माणूस खरं तर भरल शोधत फिरत असतो. राखाडी-निळसर अंगाचे हे भरल, ज्यांना निळी मेंढी म्हणतात, स्पिती-लडाखमध्ये बिबट्याचं मुख्य खाद्य. ते दिसले की बिबट्याची आशा धरायची. भरल पुरता मेंढाही नाही आणि पुरता बकराही नाही. या कोड्यापायी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९७३ साली नेपाळमधल्या डोल्पोत शे गोम्पापर्यंत चालत गेले होते, आणि त्यांना तो बकऱ्याच्या जास्त जवळचा वाटला. असो. आपल्याला आज त्याचे फक्त पाय बघायचेत.

पूर्वी या प्राण्यांच्या मागे शिकारी जायचे. अलास्कात आजही परवाना काढून डॉल मेंढ्यांची शिकार होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भरलाच्या मागे न्यायची ती दुर्बीण. पण बंदूक असो की दुर्बीण, चालणं तेच. आणि या चालण्याची गोम अशी की मेंढी पायवाटेने जात नाही. ती कड्याच्या आसपास चरते, म्हणजे धोका दिसला की कड्यात शिरता येतं. तिला बघायचं तर तुम्हालाही वाट सोडून उतारावर आडवं जावं लागतं, एक पाय वर, एक पाय खाली, पायाखाली सुटा घसारा. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रेकिंगचे बूट पायवाटेसाठी केलेले असतात. इथेच पहिली चूक होते.

डोंगरी मेंढ्यांचा खूर कसा असतो, बघा. बाहेरची कड कठीण, खडकाच्या बारीक खाचेवरही टेकणारी. आत मऊसर, खरखरीत गादी, खडकाला चिकटून राहणारी. कड कठीण आणि मधला भाग मऊ, दोन्ही एकाच पायात. चांगल्या बुटाच्या तळाकडून आपण हेच मागतो, आणि माणसाला ते जमायला फार वेळ लागला. काश्मीरमध्ये शिकारीला गेलेले इंग्रज अधिकारी खिळे ठोकलेले जाड बूट घालून जायचे. मातीत, गवतात ते बूट उत्तम, पण गुळगुळीत खडकावर खिळा सटकायचा. मग साहेब निमूटपणे बूट काढून तिथल्या लोकांची पुलहोर पायात चढवायचे. पुलहोर म्हणजे भाताच्या पेंढ्याची वळलेली चप्पल. ती खडकावर घट्ट धरायची, पण झिजायचीही भराभर, म्हणून जादा जोड सोबत बांधून न्यावे लागत.

रबराचा खाचांचा तळ आला त्याच्यामागे एक दुःखद गोष्ट आहे. १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिका नावाच्या शिखरावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा साथीदार वादळात अडकून मरण पावले. त्यांच्या पायात चढाईचे हलके बूट होते, बर्फ आणि थंडीपुढे निरुपयोगी. त्यानंतर ब्रामानींनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावावरूनच ‘व्हिब्रम’ हा शब्द झाला. १९५४ मध्ये के-टू शिखर सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना हाच तळ होता. आज चांगल्या बुटाच्या तळाला पिवळा अष्टकोनी शिक्का दिसला तर तो व्हिब्रमचा. शिक्का असला की बूट चांगलाच, असं मात्र समजू नका. तो शिक्का तळाचा आहे, बुटाचा नाही.

आता दुकानात चला. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतात आणि डोंगरात तर सुजतातच. जे मोजे घालून चालणार तेच घेऊन जा. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा लोकर मिसळलेले हवेत.

बूट पायात घालण्याआधी हातात घ्या. एक हात टाचेला, एक चवड्याला, आणि ओला पंचा पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर उतारावर आडवं चालताना तो तुमच्या पायासकट पिळला जाईल. मग तो परत ठेवा, किंमत काहीही असो. नंतर पुढून दाबून वाकवा. वाकायला हवा तो चवड्याच्या रेषेत, मधोमध नव्हे. दुकानाला पायरी असेल तर तिच्या काठावर बुटाची फक्त आतली कड टेकवून उभे राहा. कडेवर अंग तोलता आलं तर तो बूट घसाऱ्यावर उभा राहील. उलट टोक असं की काहीजण बर्फाच्या भिंती चढण्याचे, अजिबात न वाकणारे बूट घेऊन येतात. ते क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे काटे, लावण्यासाठी असतात. भरल बघणाऱ्याने ते घालून दोन दिवस चाललं तर तिसऱ्या दिवशी नडग्या बोलायला लागतात. वजनाचंही ध्यानात ठेवा. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंएवढा, असा गिर्यारोहकांचा हिशेब आहे आणि चढावर तो पटतो.

मापाकडे जरा निवांत बघू, कारण बिघडतं ते इथेच. नाड्या सैल ठेवून पाय पुढे ढकला, बोटं टोकाला टेकू द्या. टाचेच्या मागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग पाय मागे सरकवून नाड्या आवळा आणि कुठल्यातरी उतारावर उभे राहा. दुकानात उतार नसेल तर पायरीवर टाच वर आणि चवडा खाली असे उभे राहा, आणि एकदा जोरात पाय आपटा. बोटं पुढे लागली तर नको. चढावर बूट चावतो तो टाचेला. उतारावर चावतो तो नखांना, आणि नखं काळीनिळी होऊन महिन्याभराने गळतात. निघण्याआधी नखं कापायची ती याचसाठी.

दुकानदार एक वाक्य हमखास म्हणतो, “वापरून सैल होईल.” रुंदीत होतो थोडासा, चामड्याचा असेल तर. लांबीत कधीच होत नाही. शिवाय आपल्या पायाची अडचण वेगळीच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापं घेतली. आपले पाय सर्वसाधारणपणे रुंद निघाले, आणि त्यातूनच ‘भा’ नावाच्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. परदेशी साच्यावर केलेला बूट आपल्याला पुढून आवळतो तो यामुळे. मग आपण एक नंबर मोठा घेतो, तर चवडा बसतो पण टाच आत उचलली जाते आणि फोड येतो. अशा वेळी नंबर वाढवू नका. रुंद साच्याचा बूट मागा, नसेल तर दुसरी कंपनी बघा. दोन्ही बूट घालून दुकानात अर्धा तास फिरा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

उंच बुटाने घोटा मुरगळत नाही, असं सांगतात. माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे. उंच बुटाचा खरा उपयोग म्हणजे आत खडे आणि बर्फ शिरत नाही आणि आडव्या उतारावर घोट्याला आधार वाटतो. बुटाच्या आतल्या जलरोधक पडद्याचंही तसंच. बर्फात तो हवा. पण तोच बूट घालून जुलैत राजमाचीला गेलात, तर पाणी पडद्यातून नव्हे, वरून, पायाच्या बाजूने आत येतं आणि मग बाहेरच जात नाही. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी पटकन निथळणारे साधे बूट वेगळे ठेवा.

थंडीसाठी लोक बुटात तीन-तीन मोजे कोंबतात. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि जास्तच गार पडतो. बोटं आत हलली पाहिजेत. भरल बघणं म्हणजे निम्मा वेळ तर उभं राहणंच असतं. दुर्बीण लावून तासभर एका जागी उभं राहिलं की थंडी तळव्यातून वर चढते. मी झोपायच्या कॅरीमॅटचा वहीएवढा तुकडा सोबत ठेवते आणि त्यावर उभी राहते. दिसायला गमतीशीर, पण काम करतो. रात्री बुटांतली गादी काढून अंथरुणात घ्या, सकाळी बर्फात पाय घातल्यासारखं वाटणार नाही.

आता माझी फजिती. चांगले, महागडे बूट होते माझे, दोन-तीन वेळाच वापरलेले. पाच-सहा वर्षं पोटमाळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवले होते. स्पितीत दुसऱ्या दिवशी एका घसाऱ्यावर उतरताना मागून ‘फट्’ असा आवाज आला. बघते तर उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबतोय. आतला थर बोटाने दाबला तर शिळ्या केकसारखा भुगा झाला. वाटाड्याने खेचरावरच्या सामानाची सुतळी काढली आणि घोट्यापासून चवड्यापर्यंत बुटाला बांधली. दर अर्ध्या तासाने सुतळी झिजून तुटायची आणि तो न बोलता पुन्हा बांधायचा. गावात पोचेपर्यंत डाव्या बुटाचाही तळ सुटला होता.

दोष बुटाचा नव्हता, माझा होता. बऱ्याच बुटांच्या तळात बाहेरचं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या बाष्पाने तो हळूहळू आतून कुजतो, तुम्ही बूट वापरा अथवा न वापरा. कोकणात, मुंबईत, दमट हवेत हे लवकर होतं आणि बंद पिशवीत तर आणखीच. उलट नेमाने वापरलेला बूट जास्त टिकतो. म्हणून जुने बूट काढलेत तर निघण्याआधी टाचेच्या वरचा थर अंगठ्याने दाबून बघा, भेगा दिसतात का, चुरा निघतो का. बूट ठेवायचे ते हवेशीर जागी, कापडी पिशवीत. आणि सहलीला निघताना चार हात सुतळी घ्या. मी आता घेते.

नवे बूट निदान महिनाभर आधी घ्या. पहिला आठवडा घरात आणि सोसायटीच्या जिन्यावर, मग पर्वतीच्या पायऱ्या, मग पाठीवर आठ-दहा किलो घेऊन आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. खाली उतरायचंही त्याच वाटेने, जीप नको. बूट कुठे चावतो ते उतारावरच कळतं. चढताना नाड्या वरून थोड्या सैल, उतरताना घट्ट. पायाला कुठे गरम लागतंय असं वाटलं की तिथल्या तिथे थांबा, बूट काढा, चिकटपट्टी लावा. पुढच्या टेकाडावर बघू म्हणालात तर तोवर फोड आलेला असतो.

शेवटची गोष्ट प्रवासाची. जाताना बूट सामानात टाकू नका. बॅग विमानतळावर हरवली तर जाकीट लेहमध्ये भाड्याने मिळतं, स्वेटर कुणीही देतं, पण तुमच्या पायाला रुळलेला बूट कुणाकडे मिळत नाही. पायात घालूनच विमानात बसा. सुरक्षा तपासणीत काढायला लावतील, लांबलचक नाड्या सोडताना वेळ लागेल, मागची रांग कुरकुरेल. बाजूच्या बाकावर बसा आणि सावकाश बांधा.