शंभर किलो मांस, एक छोटी गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘आमचे अनुभव’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विचारलं, ‘अमेरिकेत काय करतोस ते सांग.’ नोकरीबद्दल बोललो तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल. म्हणून मी दुसरंच काहीतरी सांगणार आहे. साधारण शंभर किलो मांस छोट्या हॅचबॅक गाडीतून साडेतीनशे किलोमीटर कसं आणायचं, हा आजचा विषय. हसू नका. आपण शाळेत शिकलेलं गणित, भूगोल आणि रसायनशास्त्र, तिन्ही त्यात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी राहतो त्या कोलोरॅडो राज्यातली परिस्थिती वेगळी आहे. तिथे एल्क नावाचं मोठं हरीण आहे. आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे तिथले एल्क जवळजवळ संपले होते. मग बाहेरून आणून सोडले, नियम केले, आणि आज अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क तिथे आहेत. आता शिकार परवान्यावर, ठरलेल्या दिवसांत, प्रशिक्षणाचा दाखला असेल तरच करता येते. परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याकडे जातो. बंदुका आणि काडतुसांवरचा करही १९३७च्या कायद्यानुसार त्याच कामाला लागतो.

आणि तिथला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. शिंगं घेऊन मांस टाकून आलात तर शिक्षा होते. म्हणजे गोळी झाडली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

माझा शेजारी सत्तरीला टेकलेला आहे. त्याच्यामुळे मी या वाटेला लागलो. एका ऑक्टोबरमध्ये त्याचा पिकअप ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशी बंद पडला. परवान्याचे दिवस तर पाचच. मी म्हणालो, ‘काका, माझी गाडी आहे.’ तिकडे कुणी कुणाला काका म्हणत नाही, पण मी म्हणतो आणि त्याला ते आवडतं. त्याने माझ्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘हिची ताकद किती?’

हाच पहिला धडा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला ३८५ किलो. आम्ही दोघं जाड कपड्यांसकट १६० किलो. तंबू, शेगडी, बंदुका आणि बाकी सामान ५०. बर्फाच्या पेट्या ४५. उरले १३०. पूर्ण वाढलेला नर एल्क तीनशे किलोच्या पुढे भरतो. नुसते हाडांसकट तुकडे आणि शिंगांचं डोकं घ्यायचं म्हटलं तरी दीडशेच्या वर जातं. हाडं काढून निव्वळ मांस नव्वद-शंभर किलो भरतं. म्हणजे उत्तर घरातून निघण्याआधीच मिळालं होतं : एल्क मिळाला तर हाडं जंगलातच काढायची.

मीकर या गावाजवळच्या डोंगरात तिसऱ्या दिवशी सकाळी काकांना एल्क मिळाला. पुढचे चार तास मी कधी विसरणार नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं अंग आतून तासन्‌तास गरम राहतं. जाड कातडी म्हणजे घोंगडीच. मांस सडायला सुरुवात होते ती मागच्या मांडीच्या सांध्याजवळ, हाडालगत, जिथे थंडी पोचत नाही. म्हणून कातडी लगेच काढायची, मांड्या सोडवायच्या, हाड मोकळं करायचं. पोट न फोडताही हे करता येतं : आधी एक बाजू, मग उलटवून दुसरी. मांस ठेवायला आम्ही सुती पिशव्या नेल्या होत्या, उशीच्या मोठ्या अभ्र्यांसारख्या. प्लास्टिक नको. हवा लागली पाहिजे, माश्या बसता कामा नयेत. पाठीवर ओझं घेऊन प्रत्येकी दोन फेऱ्या केल्या. रात्री थंडी शून्याखाली गेली आणि झाडाला टांगलेलं मांस छान गार झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ऊन पडलं. मांस चार अंशांच्या खाली राहिलं पाहिजे आणि बाहेर सोळा अंश! आता खरी परीक्षा होती.

मागची सीट पाडली, ताडपत्री अंथरली. बर्फाच्या पेट्या पुढच्या सीटच्या लगेच मागे, खाली ठेवल्या. वजन अगदी मागे टाकलं की गाडीचं तोंड वर होतं, पुढच्या चाकांची पकड जाते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. बर्फ म्हणून घरूनच पाण्याच्या बाटल्या गोठवून नेल्या होत्या. वितळलं तरी पाणी बाटलीतच राहतं, मांस भिजत नाही. टपावर काहीच बांधलं नाही. ऊन, धूळ आणि धूर लागतो, आणि जनावराची तशी मिरवणूक काढणं मला पटतही नाही.

वाटेत भेटलेल्या एका भल्या माणसाने दहा किलो सुका बर्फ देऊ केला. इथे मला आपलं रसायनशास्त्र आठवलं. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. एका किलोचा वायू होतो पाचशे लिटरपेक्षा जास्त. दहा किलोचे पाच हजार. माझ्या गाडीच्या आतली जागा तीन हजार लिटरसुद्धा नाही. ट्रकच्या उघड्या हौद्यात हा बर्फ उत्तम, पण बंद काचांच्या गाडीत तो ड्रायव्हरचा जीव घेऊ शकतो. मी नमस्कार करून नको म्हटलं.

त्याऐवजी हीटर बंद, काचा थोड्या उघड्या, आणि आम्ही कोट-टोप्या घालून. रायफल नावाचं गाव लागलं. हो, गावाचंच नाव रायफल! मग ग्लेनवुडची दरी, व्हेलचा घाट, आणि ११ हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा. पुढे लांबलचक उतार. भरलेल्या गाडीला उतारावर ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. आपल्या घाटात एसटीचे चालक वर्षानुवर्षे हेच करतात.

घरी पोचल्यावर पेट्या उघडल्या. मांस गार, कोरडं, वास नाही. पण खायचं नव्हतं. हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक रोग आहे. तो १९६७ साली कोलोरॅडोतच प्रथम लक्षात आला. शिजवून तो जात नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून मानेतल्या गाठींचा नमुना खात्याकडे दिला होता. निकाल येईपर्यंत काका रोज एकदा फ्रीझरचं झाकण उघडून बघत. वर्षभराचं त्यांचं मांस त्यात होतं, आणि त्यांनी मारलेलं जनावर होतं. निकाल आला : रोग नाही.

हे मांस विकता येत नाही, वाटता येतं. आपल्या गावात बोकड कापला की वाटे पडायचे, आठवतंय? तसेच आम्ही वाटे घातले. डेन्व्हरमधल्या सहा मराठी घरांत एल्कचा रस्सा शिजला, काळ्या मसाल्यातला. चरबी कमी असते, म्हणून मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. काकांना इतका तिखट लागला की डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

गणिताच्या सरांना आणि विज्ञानाच्या बाईंना माझा नमस्कार. तुम्ही शिकवलेलं कुठे उपयोगी पडेल, ते तुम्हालाही वाटलं नसेल.