बालकाच्या पोटदुखीकडे दुर्लक्ष नको

(हिवरे बाजार येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१९८९ साली पोपटराव पवार यांच्या हाती कारभार सोपवून आपण नशाबंदीचा मार्ग धरलात. मोठ्या माणसांच्या स्वादुपिंडाला सूज आणणारे एक प्रमुख कारण त्यामुळे वेशीबाहेर गेले. परंतु हा विकार निष्पाप बालकांनाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

स्वादुपिंड ही जठरामागील ग्रंथी. तिचे पाचक रस एरवी आतड्यात पोहोचल्यावर कार्यरत होतात. ते ग्रंथीतच जागे झाले, की तिलाच जाळू लागतात. हाच तीव्र स्वादुपिंडदाह.

मुलांमध्ये याची कारणे निराळी असतात. सायकलवरून पडताना हँडल पोटात रुतणे, पित्ताशयातील खडे, पित्तनलिकेतील जन्मजात दोष, गालगुंडासारखे विषाणू, पित्तनलिकेत शिरलेला जंत, आनुवंशिक दोष, तसेच फिट्सवरील व्हाल्प्रोएटसारखी काही औषधे. (अशी औषधे डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नयेत.) काही मुलांत कारण सापडतच नाही.

पोटाच्या वरच्या भागात असह्य वेदना आणि न थांबणाऱ्या उलट्या, ही मुख्य लक्षणे. लहानगे तर केवळ रडते. अशा वेळी 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात दिवस घालवू नका. रक्तातील लायपेज वा अमायलेजची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून बहुधा निदान होते. सलाईन, वेदनाशमन आणि सोसेल तसा लवकर सुरू केलेला आहार, हाच उपचाराचा गाभा.

दिलासा असा, की बहुतेक मुले काही दिवसांत पूर्ण बरी होतात. मात्र थोड्यांना ग्रंथीभोवती द्रव साचणे, श्वसन वा मूत्रपिंडावर ताण येणे असे उपद्रव होतात. काहींना हा आजार पुन्हा उद्भवतो. वारंवार झाल्यास पचनशक्ती क्षीण होते, मधुमेहही जडू शकतो. म्हणून बरे वाटल्यावरही कारणाचा शोध सोडू नये.

पावसाचे मोजमाप करून पिके ठरविणारे हे गाव आहे. तीच दक्षता लेकरांच्या बाबतीत हवी. शौचालयाचा वापर, जेवणापूर्वी हात धुणे, २०१५पासून राबविल्या जाणाऱ्या जंतनाशक दिनाची गोळी चुकू न देणे आणि गालगुंडाच्या लसीविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. शेजारचे मूल कळवळत असेल, तर त्याला रुग्णालयात पोहोचविणे हेही श्रमदानच होय. सुदृढ बालक हीच राष्ट्राची खरी ठेव आहे.