भयाचा जमाखर्च



ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, सहकार आणि शेतसारा यांविषयी व्याख्याने ऐकत आलात, त्याच व्यासपीठावरून प्रेते रस्त्यांतून हिंडतात अशा एका व्हिडिओ गेमविषयी बोलण्यास मी उभा आहे, याचे आपणांस जेवढे नवल वाटत असेल त्याहून अधिक मला स्वतःला वाटते. कारण माझी सारी उमेद महसूल खात्यात फेरफार व पंचनामे तपासण्यात गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर भाच्याकडे राहावयास गेलो नसतो तर कन्सोल नावाची वस्तू हातात धरण्याचा प्रसंग माझ्यावर आला नसता. भाचा पहिल्या दिवशी मला म्हणाला, "मामा, झॉम्बीचा गेम आहे," आणि मला वाटले, आनंद यादवांच्या 'झोंबी' या कादंबरीवर कोणी खेळ रचला असावा. पण त्याचा 'झॉम्बी' हा शब्द हैतीच्या लोकसमजुतींतून निघालेला. आणि जिवंतांचे मांस खाणाऱ्या प्रेतांची जी कल्पना आज रूढ आहे, ती बेतणाऱ्या जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटात तो शब्द एकदाही उच्चारला जात नाही, असे भाच्यानेच मला सांगितले.

असो. मी बोलणार आहे तो गेम 'डाइंग लाइट २: स्टे ह्यूमन'. पोलंडमधील व्रोत्सवाफ शहराच्या टेकलँड या संस्थेने तो ४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध केला. याचा पूर्वावतार जानेवारी २०१५ चा. त्यात हॅरान नावाचे कल्पित शहर रोगाने ग्रासलेले होते, काइल क्रेन हा नायक दिवसा छपरांवरून धावत औषधपाणी गोळा करी, आणि सूर्य मावळला की व्होलाटाइल नावाचे महाबलिष्ठ रोगी बाहेर पडत, ज्यांच्यापुढे त्याच्या शस्त्रांची काही मातब्बरी नसे. त्या गेमचे सारे मुद्दल त्या रात्रीत होते. उत्तरार्धाचे कर्ते ते मुद्दल घेऊन व्यापाराला निघाले, आणि त्याचा जमाखर्च मांडणे एवढेच माझे आजचे काम आहे.

जमेची बाजू आधी, आणि ती मोठी आहे. कथा सुमारे वीस वर्षांनी पुढे सरकली आहे. रोग जगभर पसरून गेला आहे, आणि व्हिलेडोर नावाचे युरोपीय धाटणीचे एकच मोठे शहर तटबंदीच्या आत तग धरून आहे, जेथील माणसे जमीन प्रेतांच्या ताब्यात सोडून गच्च्यांवर, छपरांवर आणि घंटाघरांच्या माथ्यावर संसार थाटून राहिली आहेत, तेथेच भाजी पिकवतात, तेथेच मधमाश्या पाळतात, आणि शेजाऱ्याकडे जावयाचे तर दोन इमारतींमधील पोकळीवरून उडी मारून जातात. पार्कूर या विद्येचे एक जनक डेव्हिड बेल यांचा सल्ला कर्त्यांनी घेतला होता, आणि त्याचे चीज झाले आहे. नायक एडन धावत येऊन कठड्यावर हात टेकतो, पलीकडच्या तुळईला लोंबकळतो, झोका घेऊन गवताच्या ढिगावर पडतो, तेव्हा त्याच्या श्वासाचा, बुटांचा आणि पाठीमागून द्रुत होत जाणाऱ्या संगीताचा असा मेळ बसतो की सांधेदुखीचा रोगी असलेल्या मजसारख्या मनुष्यासही क्षणभर आपले गुडघे परत मिळाल्याचा भास व्हावा. चढताना दम लागतो, तो दम आकड्याने मोजलेला असतो, आणि चिमणीच्या अर्ध्यावर तो संपला की हात सुटतात. म्हणून चढण्यापूर्वी वाट डोळ्यांनी वाचावी लागते. पुढे पॅराग्लायडर मिळतो, आणि उंच मनोऱ्यांच्या भागात शहराचे रूपच पालटते.

दुसरी जमेची गोष्ट सूक्ष्म आहे आणि मला ती फार आवडली. दिवसा प्रेते उजेडाला भिऊन जुन्या दुकानांत आणि इस्पितळांत झोपलेली असतात. रात्री ती रस्त्यावर येतात. म्हणजे मौल्यवान माल जेथे आहे ती घरे रात्री रिकामी आणि रस्ते भरलेले, दिवसा रस्ते मोकळे आणि घरे भरलेली. कोणत्या वेळी बाहेर पडावे हा ज्याचा त्याचा प्रश्न झाला, आणि घड्याळाला अर्थ आला.

आणि येथेच खर्चाची बाजू सुरू होते. एडन स्वतः रोगबाधित आहे; अंधारात शिरले की पडद्यावर त्याच्या प्रतिकारशक्तीची मुदत उलटी मोजली जाऊ लागते, आणि अतिनील दिव्याखाली उभे राहिले की ती पुन्हा भरते. कल्पना उत्तम. पहिले काही तास मी दिव्यापासून दिव्यापर्यंत पळालो. परंतु मुदत वाढविण्याची सोय जागोजागी आहे, विशिष्ट कुप्या गोळा केल्या की ती लांबते, आणि पाठलागालाही पायऱ्या लावलेल्या आहेत: हाउलर नावाचा रोगी ओरडला की पहिली, मग दुसरी, मग तिसरी. व्होलाटाइल तर प्रसिद्धीच्या वेळी उघड्या रस्त्यावर सहसा भेटतच नसे. जेथे पूर्वी भय होते तेथे आता कोष्टक आले. आम्ही खात्यातील माणसे जाणतो की थकबाकीचा आकडा कागदावर उतरला की तिची धास्ती निम्मी होते, आणि हीच गोष्ट व्हिलेडोरच्या रात्रीला बाधली. कर्त्यांनाही ते कळले असावे. जून २०२३ च्या फेरबदलाने त्यांनी व्होलाटाइल पुन्हा रस्त्यांवर आणि छपरांवर सोडले, पण ज्यांनी तोवर खेळ संपविला होता त्यांची रात्र सुखरूप गेली ती गेलीच.

आता कारभाराविषयी, कारण येथे मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. शहरात दोन पक्ष आहेत: गणवेशातील, शिस्तीचे, हुकमी बोलणारे पीसकीपर्स, आणि बाजारात जमून राहणारे, सैलसर सर्व्हायव्हर्स. बंद पडलेले जलकुंभ आणि वीजकेंद्रे आपण चालू करावयाची, आणि ती कोणाच्या अंमलाखाली द्यावयाची हे ठरवावयाचे. निवाडा ऐकून मी सरसावून बसलो. सर्व्हायव्हर्सना दिले तर छपरांना जोडणाऱ्या तारा आणि उड्या मारण्याच्या गाद्या मिळतात. पीसकीपर्सना दिले तर रस्त्यांवर प्रेते मारणारे सापळे लागतात. बस्स, एवढेच. श्रोतेहो, मी तालुक्यात टंचाईच्या दोन उन्हाळ्यांत पाणी वाटले आहे. टँकर कोणत्याही वाडीकडे पाठविला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुसऱ्या वाडीची माणसे, आणि दुपारी पहिल्या वाडीतीलच उलट्या गटाची, दारात उभी असत. व्हिलेडोरमध्ये पाणी मिळालेल्याची कृतज्ञता आणि न मिळालेल्याचा रोष दोन्ही तोंडदेखले. निवाड्याने सडक बदलली, माणूस बदलला नाही. २०१८ साली, गेमची प्रथम घोषणा झाली तेव्हा, जे प्रात्यक्षिक दाखविले गेले त्यात जलकुंभाच्या याच निवाड्यावर सारा भर होता, म्हणून हा न पाळलेला वायदा अधिक खुपतो. कथाही तशीच: हरवलेली बहीण मिया, वॉल्ट्झ नावाचा खलनायक, लहानपणीच्या प्रयोगशाळेच्या आठवणी, धावता धावता ती ऐकली तर चालते, थांबून ऐकली की तिचे सांधे दिसतात.

प्रसिद्धीपूर्वी, जानेवारी २०२२ मध्ये, संस्थेने अभिमानाने जाहीर केले की गेम संपूर्णपणे उरकण्यास पाचशे तास लागतील. लोक दचकले. मग खुलासा निघाला की मुख्य कथा वीस तासांची, आणि जोडकामांसह ऐंशीची. हा आकडा अभिमानाने सांगावासा वाटणे हीच या गेमची प्रकृती आहे. नकाशा चिन्हांनी भरलेला, प्रत्येक चिन्हाखाली एक पेटी, पेटीत अशी हत्यारे की काही मारामाऱ्यांनंतर मोडतात आणि नवी शोधावी लागतात. काडतुसे या जगात संपली असल्याने बंदुका नव्हत्या, आणि तो अभाव शोभून दिसत होता. २०२४ मध्ये त्या आणल्या गेल्या.

मी चौघांनी मिळून खेळण्याची सोय भाच्याच्या मित्रांसह दोनदा अनुभवली. तेथे भयाचा प्रश्नच उरत नाही. ती सहल आहे, आणि चांगली सहल आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच संस्थेने 'डाइंग लाइट: द बीस्ट' काढला. नायक पुन्हा काइल क्रेन, प्रदेश लहान, रात्र पूर्वीसारखी अंगावर येणारी. भाच्याने तो आणला तेव्हा मी शेजारी बसून पाहत होतो. पडद्यावर सूर्य डोंगराआड गेला, पहिली किंकाळी आली, आणि भाच्याने काही न बोलता कंट्रोलर माझ्या हाती दिला. मी तो तसाच त्याला परत केला. मग आम्ही दोघांनी मिळून खेळातील पलंग शोधला आणि क्रेनला सकाळपर्यंत झोपविले.