सांबार, वाटीभर



थंडी पडली की नागपूरच्या बाजारात सांबाराचे ढीग दिसू लागतात. कॉटन मार्केटला, गोकुळपेठेत, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात, जिथे जाल तिथे जुड्यांच्या राशी. उरलेला महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो, तोच हा आपला सांबार. इतर ठिकाणी एक जुडी आणतात आणि आठवडाभर चिमटी-चिमटीने भाजीवर भुरभुरवतात. आपल्याकडे मात्र डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी घरात पाच-सहा जुड्या एकदम येतात, कारण सांबारवडी करायची असते. पुडाची वडी म्हणा हवं तर. आहारशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला या सवयीचं फार मोल वाटतं, आणि आज त्यावरच बोलायचं आहे.

सांबारात जीवनसत्त्वं आहेत, खनिजं आहेत, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण किती, आणि त्यातलं आपल्या पोटात किती जातं? हे मोजण्याचं काम आपल्या देशात जुनं आहे. १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. ती १९५८ मध्ये हैदराबादला आली. आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखतो. भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते ही संस्था तयार करते. त्यांतला २०१७ चा तक्ता आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता मी आज समोर ठेवला आहे.

अमेरिकी तक्ता सांगतो की १०० ग्रॅम ताज्या सांबारात ९२ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्या आठ ग्रॅममध्ये प्रथिनं दोन ग्रॅमच्या थोडी वर, तंतू तीन ग्रॅमच्या जवळ, पोटॅशियम ५२१ मिलिग्रॅम, कॅल्शियम ६७, मॅग्नेशियम २६, लोह पावणेदोन मिलिग्रॅम, 'क' जीवनसत्त्व २७ मिलिग्रॅम. 'अ' जीवनसत्त्व ३३७ मायक्रोग्रॅम मिळेल इतकं कॅरोटीन, फोलेट ६२ मायक्रोग्रॅम आणि 'के' जीवनसत्त्व ३१० मायक्रोग्रॅम. आठ ग्रॅमच्या मानाने हा ऐवज मोठा आहे. आपल्या भारतीय तक्त्यात कॅल्शियम दीडशेच्या जवळ जातं आणि लोह पाचाच्या आसपास. दोन तक्त्यांत एवढा फरक कसा, असं तुम्ही विचाराल. पाल्यातली खनिजं मातीतून येतात. माती बदलली, वाण बदललं, पाला कोवळा की निबर हे बदललं, की आकडे बदलतात. लोहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. पानांवर चिकटलेली बारीक धूळ नीट धुतली गेली नाही, तर तिच्यातलं लोह पाल्याच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे लोहाचा मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नये.

आता खरा प्रश्न. हे सगळे आकडे १०० ग्रॅमचे आहेत. तर्री पोह्यावर टाकलेला सांबार असतो दोन-तीन ग्रॅम. त्यातून 'अ' जीवनसत्त्व मिळतं दहा मायक्रोग्रॅम, आणि एका प्रौढ बाईची दिवसाची गरज आहे ८४० मायक्रोग्रॅम. कॅल्शियम मिळतं दोन ते चार मिलिग्रॅम, गरज आहे १,००० ची. म्हणजे चिमूटभर सांबाराने पोह्याला वास येतो, रूप येतं, भूक चाळवते. पोषणाचा हिशेब मात्र जागचा हलत नाही.

सांबारवडीत हे गणित बदलतं. दोन भरलेल्या वड्यांत मिळून ५० ग्रॅमच्या आसपास सांबार सहज जातो. त्यातून 'अ' जीवनसत्त्वाच्या गरजेचा पाचवा हिस्सा निघतो, फोलेटचा सातवा हिस्सा निघतो, आणि 'के' जीवनसत्त्व तर दिवसाच्या गरजेहून कितीतरी जास्त मिळतं. इथे सांबार मसाला राहत नाही, पालेभाजी होतो. माझं सांगणं एवढंच आहे की सांबाराला वर्षातून चार रविवार मिळणारा हा मान रोजच्या जेवणातही मिळायला हवा.

वडीची घडण बघा. सांबार निवडून, धुऊन, कपड्यावर पसरून अगदी कोरडा करायचा, कारण ओलावा राहिला तर सारणाला पाणी सुटतं आणि वडी कढईत फुटते. मग बारीक चिरायचा. त्यात किसून भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, आलं-लसूण, हिरवी मिरची किंवा तिखट. बेसनात थोडी कणीक किंवा मैदा घालून पारी लाटायची, तिला आतून तेलात कालवलेला मसाला आणि चिंचेचा कोळ लावायचा, मधोमध सारण भरून पुडीसारखी घडी घालायची आणि तळायची. सोबत ताकाची कढी.

यातला प्रत्येक जिन्नस सांबाराला काहीतरी देतो. पाल्यातलं कॅरोटीन आणि 'के' जीवनसत्त्व, दोन्ही स्निग्धात विरघळणारी. तेल, खोबरं, तीळ सोबत असले तर ती अंगी लागतात, नुसत्या उकडलेल्या पाल्यातून तेवढी लागत नाहीत. कॅल्शियम मुख्यतः खसखस आणि तिळातून येतं. खसखशीत १०० ग्रॅममागे १,४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि सालीसकट तिळात साडेनऊशेच्या वर. दोन्हींतलं सगळंच शरीराला घेता येत नाही, तरी चमचाभरानेही फरक पडतो. बेसनातून प्रथिनं येतात, कढीतून आणखी थोडं कॅल्शियम. हा पदार्थ ज्या बायकांनी घडवला त्यांच्यापुढे कुठलाही तक्ता नव्हता, तरी ताट किती भरलेलं आहे!

उणं काय, तेही सांगते. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, पाण्यात विरघळतं आणि चिरून ठेवलं तरी घटतं. तळलेल्या वडीत ते फारसं उरत नाही. म्हणून सांबार आधी धुवा आणि मग चिरा, चिरलेला सांबार पाण्यात घालू नका. आणि वडी खाल्ल्यावर एक संत्रं खा. हंगाम दोघांचा एकच आहे, आणि संत्र्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं, बेसनातलं लोह शरीर जास्त शोषून घेतं. वडीवर लगेच चहा घेतला तर उलट होतं. चहातली तुरट द्रव्यं लोहाला अडवतात. चहा तास-दीड तासाने घ्या.

वडी तळलेली आहे, ती रोज खायची नाही. रोजसाठी दुसरे मार्ग आहेत. सांबाराची कच्ची चटणी, वर लिंबू पिळून, हा सगळ्यांत चांगला मार्ग, कारण तिच्यात 'क' जीवनसत्त्वही टिकतं. मूठभर सांबार घातलेलं धिरडं किंवा थालीपीठ. वरण खाली उतरवल्यावर घातलेला वाटीभर सांबार. दाण्याचं कूट घालून केलेली कोशिंबीर. आणि कोवळ्या काड्या फेकू नका. त्यांच्यात वास पानांहून जास्त असतो आणि तंतूही मिळतात. चटणीत त्या बेमालूम वाटल्या जातात.

हिरव्या पाल्याचा हा विचार आपल्या विदर्भात नवा नाही. १९३५ साली, वर्ध्याच्या मगनवाडीतल्या दिवसांत, गांधीजींनी 'हरिजन' पत्रात हिरव्या पाल्याच्या पोषणमूल्याबद्दल लिहिलं होतं. शेतात सहज उगवणारा, माणसं सहज फेकून देणारा पाला गरिबाच्या ताटात यावा, ही त्यांची तळमळ होती. पुढे विज्ञानाने आकडे दिले. ताट मात्र अजून पुरेसं हिरवं झालेलं नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. हा आकडा मला बेचैन करतो. म्हणूनच इथे स्पष्ट बोलायला हवं. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ५० ग्रॅम सांबारातून मिळतं एक ते अडीच मिलिग्रॅम, आणि त्यातलाही थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो. आरोग्य केंद्रातून गरोदर बाईला जी लोहाची गोळी मिळते, तिच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. सांबार खावा, जरूर खावा, पण गोळी बंद करून नव्हे. ‘आमची सून पालेभाजी खाते, तिला गोळी कशाला’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी हा हिशेब सुनेला जवळ बसवून करून बघावा.

आणखी एक सूचना, हृदयाच्या किंवा रक्ताच्या गुठळीच्या आजारासाठी वॉरफरिन किंवा तशी गोळी घेणाऱ्यांना. 'के' जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, आणि ही गोळी त्याच्या उलट काम करते. एरवी पाला न खाणाऱ्याने एखाद्या आठवड्यात रोज सांबारवडी खाल्ली, तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. पाला बंद करायची गरज नाही. रोज साधारण सारखा खावा आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं.

पाल्यातली खनिजं मातीतून येतात, असं मी म्हटलं. याला एक काळी बाजू आहे. पाला मातीतलं कॅल्शियम उचलतो तसं शिसं आणि कॅडमियमही उचलतो. आपल्या नाग नदीचं काय झालं आहे ते तुम्ही रोज पुलावरून बघता. ती शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेकडे वाहते. अशा पाण्यावर पिकवलेला सांबार दिसायला लुसलुशीत असतो, पण त्यातलं शिसं कितीही धुतलं तरी जात नाही, कारण ते पानाच्या आत शिरलेलं असतं. धुण्याने माती जाते आणि जंतू कमी होतात, तेवढ्यासाठी दोन-तीन पाण्यांतून धुवायचंच. भाजीवालीला माल कुठला ते विचारा. विहिरीच्या पाण्यावरचा सांबार पिकवणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांना ग्राहक मिळायला हवेत. आणि नदी स्वच्छ करण्याचा विषय निघाला की तो आपल्या ताटाचाही विषय आहे, हे लक्षात असू द्या.

आता धने. झाड तेच, कुळ तेच. जिरं, ओवा, बडीशेप, शेपू आणि गाजर हेही त्याच कुळातले. १०० ग्रॅम धन्यात कॅल्शियम ७०९ मिलिग्रॅम, लोह १६, मॅग्नेशियम ३३०, प्रथिनं १२ ग्रॅम आणि तंतू तब्बल ४२ ग्रॅम. आकडे बघून वाटेल, पाला कशाला, धनेच खावेत. पण धन्यात पाणी जेमतेम नऊ टक्के असतं आणि पाल्यात ९२. दोघांतलं पाणी वजा करून तुलना केली तर कॅल्शियम आणि लोहात पाला धन्याच्या थोडा पुढेच निघतो. शिवाय धन्यात 'अ' जीवनसत्त्व नाही. ते हिरव्या पानातच.

सावजी रश्श्यात आणि तर्रीत धने सढळ हाताने पडतात. माणशी एक मोठा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम धरले, तर लोह मिळतं पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर आणि कॅल्शियम पस्तीस. धन्यातल्या फायटेटमुळे तेही पूर्ण शोषलं जात नाही. तरी मसाला रोज पोटात जातो, म्हणून ही छोटी रक्कम मी क्षुल्लक मानत नाही. इतवारीत धने घेताना अख्खे घ्या, हातावर चोळून वास बघा, आणि थोडे-थोडेच भाजून कुटा. तयार पुडीत भुसा मिसळलेला असला तर डोळ्यांना कळत नाही. धन्याचा सुवास ज्या लिनॅलूलमुळे येतो तो कुटल्यावर उडत जातो. खनिजं तशीच राहतात.

धने भिजवलेलं पाणी सकाळी पिण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पाणी चांगलं आहे, प्यावं. पण त्याने थायरॉईड बरा होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. त्यासाठी गोळी सोडू नका.

नागपूरचा उन्हाळा या झाडाला सोसत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की सांबार लवकर फुलावर येतो, पानं विरळ आणि दोऱ्यासारखी होतात, जुडी लहान आणि महाग होते. तेव्हा वाटीभर सांबाराचा हट्ट धरू नये. मे महिन्यात शेवग्याचा पाला घ्या. त्यात कॅल्शियम सांबाराहून पुष्कळ जास्त आहे आणि शेजारच्या अंगणातल्या झाडावरून तो बहुधा फुकट मिळतो. पावसाळा लागला की अंबाडी येते, चवळी येते. ऑक्टोबरात धने हलकेच रगडून दोन दळं वेगळी करा आणि कुंडीत पेरा. पाच-सहा आठवड्यांत पहिली कापणी हाती येईल.