हात लावू देणारं कुत्रं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यातले बरेच जण खेड्यातून शहरात आलेले. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी तुम्ही पाहिली असेल. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात अन् एवढं मोठं जनावर मुकाट उभं राहतं. ते काही एका दिवसात होत नाही. वर्षभर मालकाचा हात त्याच्या अंगावरून फिरलेला असतो.

कुत्र्याला आपण डोक्यावर थोपटतो. पंजे, कान, दात यांची आठवण मात्र थेट दवाखान्यात होते. तिथं चौघं दाबून धरतात, ते धडपडतं, नख खोल कापलं जातं. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसतच नाही ना! पुढच्या वेळी नुसतं नेलकटर पाहून ते दात दाखवतं. लोक म्हणतात, "बिघडलं बाप्पा हे!" बिघडलं नाही, शिकलं. नेलकटर म्हणजे दुखणं, एवढं ते शिकलं.

आता हेच उलटं शिकवायचं. खांद्याला क्षणभर हात, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी हात, मग खाऊ; हा क्रम मोडू नका. खाऊ आधी दाखवला की खाऊचाच संशय येतो. मग पाय, मग पंजा उचलणं, मग नेलकटर नुसतं समोर ठेवणं, त्याचा आवाज ऐकवणं, आणि कधीतरी एक नख. दिवसाला एकच नख कापलं तरी काय बिघडतं? रोज दोन मिनिटं पुरे. कुत्रं उठून गेलं तर जाऊ द्या.

तोंड वळवणं, ओठ चाटणं, अंग ताठ करणं म्हणजे "थांबा". तरी थांबलो नाही तर ते गुरगुरतं. गुरगुरल्याबद्दल मारू नका, हे मी जिन्यात खेळणाऱ्या लेकरांसाठी सांगतो. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते. मग ते न सांगता चावतं. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद, चुना काही लावू नका.

आपल्याकडे गोचीड फार. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत बसते, आणि गोचीडतापानं कुत्रं दगावूही शकतं. हात लावू देणाऱ्या कुत्र्याचीच गोचीड वेळेवर सापडते. अन् हो, उन्हाळा आहे म्हणून स्पिट्झ, लॅब्रॅडॉर यांचे केस भादरू नका. ते उन्हापासून कातडी राखतात. विंचरा फक्त.

जे आधीच चावायला धावतं, त्याच्यावर घरी प्रयोग नकोत. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, तिथं किंवा तुमच्या डॉक्टरांकडे विचारा.

ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी उद्या सकाळी बागेत यावं. अंडं उकडून आणा. नेलकटर सध्या घरीच राहू द्या.